मिझेलीआत्याचं सोवळं

आमच्या तळावर मिझेलीआत्याच्या ट्रेलरइतका लख्ख ट्रेलर दुसरा नव्हता, आणि तिच्याइतकी तिखट जीभही. तिच्याकडे तसराळी तीन: एक कपबशांचं, एक कपड्यांचं, एक हातपाय धुण्याचं. त्यांची सरमिसळ झाली तर घासून भागत नाही, ते फेकावंच लागतं. आम्ही जिप्सी घाणेरडे म्हणून इंग्लंडातला हा अख्खा केंट परगणा नाक मुरडतो. ज्या मोरीत हात धुतात तिथेच कप विसळणाऱ्या या गोर्जा, म्हणजे जिप्सी नसलेल्या, लोकांचा चहा आम्हीही घेत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

गावात गोवराची साथ आली आणि आरोग्य खात्याची लस टोचणारी गाडी जन्मात पहिल्यांदा आमच्या तळावर आली. आत्याच्या नातीचं, सिनफायचं, नेल्सन नावाचं वर्षाचं पोर होतं. नर्स पहिली आत्याच्या ट्रेलरमध्येच आली. गोड बाई. "आधी हात धुते हं," म्हणाली आणि सरळ कपबशांच्या तसराळ्यात हात बुडवले.

"काय केलंत हे?" आत्या म्हणाली.

"स्वच्छता नको का, आजी?"

आत्यानं ते गुलाबाच्या फुलांचं तसराळं उचललं आणि दाराबाहेर भिरकावलं. "निघा. जिला हात कुठं धुवावेत कळत नाही, तिची सुई माझ्या पोराला?"

आत्याचं दार लागलं की तळाची सगळी दारं लागतात. गाडी रिकामी परत गेली.

मग खात्यानं आमच्या मनाचा अभ्यास करायला एक तज्ज्ञ पाठवला. त्यानं आणलेल्या पत्रकांवर रंगीत घोडागाडीचं चित्र होतं. आत्या म्हणाली, "असल्या गाडीत माझा आजा राहायचा. त्याला टोचा जाऊन, कबरीत आहे."

"तुमच्या भीतीविषयी मोकळेपणानं बोलू या," तज्ज्ञ मला म्हणाला.

"भीती नाही हो, तसराळं," मी म्हणालो. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि 'पारंपरिक समजुती' असं लिहून घेतलं. गाडी पुन्हा आली नाही. नकार देणाऱ्यांकडे पेट्रोल कोण जाळणार?

शेवटी सिनफायच भडकली. "आजी, तुझं सोवळं तुला लखलाभ. माझ्या पोराला गोवर झाला तर काय फेकशील?"

आत्या म्हणाली, "लस नको असं मी कधी म्हटलं? मलाही टोचलीय. त्या बाईच्या हातची नको म्हटलं." मग माझ्याकडे वळली. "एलायजा, सकाळी गाडी काढ."

सकाळी ती ठेवणीतला कोट आणि सोन्याची कर्णफुलं घालून गावातल्या दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. नेल्सन कडेवर होता.

"कायमचा पत्ता?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"तळावर राहतो आम्ही."

"तसं चालत नाही. विजेचं बिल वगैरे आणा."

"अगं बाई, परवा तुमचीच गाडी माझ्या दारात उभी होती की."

"तो वेगळा विभाग."

घोड्यांच्या बाजारात भल्याभल्यांना गार करणारी आत्या त्या खिडकीपुढे हरली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब रजेवर होते. तिसऱ्यांदा जायचं ठरत होतं तेवढ्यात नेल्सनला ताप भरला, आणि मग अंगभर पुरळ उठलं.

इस्पितळात त्याच्या इवल्याशा नाकावर प्राणवायूची नळी होती. मला ते बघवेना. जिवाचा धोका टळला, पण अजून काही दिवस ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्या आत्याजवळ बसल्या आणि तिला प्रेमानं समजावू लागल्या. लस सुरक्षित असते, अफवांवर विश्वास ठेवू नये, तुमच्या समाजानं आता थोडं पुढं यायला हवं.

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. पोर अजून त्यांच्याच हातात होतं.

"बरोबर आहे, बाईसाहेब," ती म्हणाली. "चुकलंच आमचं."