मेघाच्या वृत्तांतातली एक ओळ

सरूबाई मगरे यांनी घाटीच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली आणि तेवढ्या काळात अर्ध्या शहराला सुया टोचल्या. अजूनही भाजी घेताना एखादा टकला माणूस थांबतो आणि म्हणतो, "सिस्टर, ओळखलं का? तुमच्या सुईला भिऊन मी खाटेखाली शिरलो होतो."

"मग खाटेखालीच टोचली असंल," सरूबाई म्हणतात आणि पुढं होतात. रस्त्यात उभं राहून आठवणी काढायला त्यांना वेळ नसतो. वय शहात्तर, गुडघे गेलेले, पण घाई तीच.

अशा बाईची एकुलती एक लेक सुई न मिळाल्यानं मेली. आडवळण कशाला घ्यायचं, सगळी गोष्ट एवढीच आहे. बाकीचं आहे ते लोकांनी ही गोष्ट कशी झाकली त्याचं.

सरूबाई सिल्लोडकडच्या एका खेड्यातल्या. आजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं, तरी गावानं पाणवठा वेगळाच ठेवला तो ठेवला. मिशनच्या बोर्डिंगात त्या शिकल्या, नर्स झाल्या. नवरा एस.टी.त कंडक्टर होता, तो लवकर गेला. मेघाला त्यांनी एकटीनं वाढवलं, शिकवलं, आणि नन सिस्टरांच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला लावलं. बत्तिसाव्या वर्षी मेघाला साखर निघाली, ती थेट इन्सुलिनवर गेली. पहिली सुई आईनंच पोटाला टोचून दाखवली. पुढं चौदा वर्षं मेघा रोज आपली आपण टोचून घ्यायची, दात घासावेत इतक्या सहज.

जावई सुदर्शन बिडकीनला कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नाही, दारू नाही की काही नाही. पण तीन वर्षांमागं मशिनीत त्याचा हात जाता जाता वाचला, आणि त्याला हर्सूलच्या पुढं एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळीचा, म्हणजे नव्या पंथाच्या चर्चचा, लळा लागला. तिथले पुढारी म्हणजे ब्रदर. ब्रदरांनी एकवीस दिवसांचा उपास-प्रार्थना जाहीर केला आणि म्हणाले, ज्याचा विश्वास पुरा आहे तो औषधं बाजूला ठेवील. सुदर्शनचा विश्वास पुरा होता. त्यानं बायकोचं इन्सुलिन फ्रिजमधून काढलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलं. मेघानं मान हलवली. का हलवली ते आता कुणाला विचारणार?

अकराव्या दिवशी ती गेली. सरूबाई पोचल्या तेव्हा खोलीत नासक्या फळासारखा वास होता. घाटीत साखर चढलेल्या रोग्यांजवळ असा वास त्यांनी शंभरदा घेतला होता. कशानं मेली हे त्यांना उंबऱ्यातच कळलं. डॉक्टरनं कागदावर मधुमेह लिहिला. तेही खोटं नव्हतं. लोक म्हणाले, पोलिसात जा. जाऊन काय सांगायचं? शेहेचाळीस वर्षांची शिकलेली बाई, तिनं स्वतःच औषध नको म्हटलं, असं सुदर्शन सांगणार, आणि तेही खोटं नसणार. सरूबाईंना कुणाला बेड्या घालायच्या नव्हत्या. लेक कशानं मेली हे चारचौघांत, तिच्या नावानं जमलेल्या माणसांसमोर, एकदा मोठ्यानं म्हटलं जावं, एवढंच हवं होतं.

त्यांच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये याची सोय होती, निदान त्यांना तसं वाटलं. आठव्या दिवशी स्मरणाची उपासना होते आणि तीत मयताचा जीवनवृत्तांत वाचतात. घरचे लिहून देतात, चर्चचे सेक्रेटरी कडुबा मास्तर तो छापून घेतात आणि वाचतात. सरूबाईंनी एक पान लिहिलं. जन्म, बाप्तिस्मा, शाळा, नोकरी, लग्न, आणि शेवटी एक ओळ: "अकरा दिवस इन्सुलिन बंद ठेवल्यामुळे मेघा वारली."

उपासनेच्या सकाळी छापील कागद हाती आला. ती ओळ नव्हती. तिथं होतं, "अल्पशा आजाराने प्रभूत निजली."

"मास्तर, माझी ओळ कुठं गेली?"

"सरूताई, वृत्तांत असा नसतो हो. जावई समोर बसणार, त्याची माणसं बसणार."

"अल्पसा आजार? चौदा वर्षं साखर होती तिला. अल्पसा?"

"तो शब्द आहे तसा," कडुबा मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "आपल्या आधीच्या पाळकसाहेबांना तीन वर्षं कॅन्सर होता. त्यांनाही आपण अल्पसाच लिहिलं."

"आणि त्यांनी काही म्हटलं नाही?"

"ते कसं म्हणतील?"

"तेच तर. मेलेलं माणूस भांडत नाही, म्हणून तुमचं फावतं."

उपासना मात्र घड्याळासारखी झाली. पांढऱ्या साड्या, तीन गीतं, दोन मिनिटं उभं राहून शांतता. सिल्लोडहून आलेली मावसबहीण केसरबाई मधेच ऊर बडवून हेल काढायला लागली, "मेघे गं, माझे साळुंके गं," तर मागच्या बाकावरच्या एक मोठ्या बाई लगेच तिच्याकडं सरकल्या. "आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आपण असं रडत नाही."

केसरबाई तोंडात पदर कोंबून गप्प बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सरू, तुमच्या चर्चात रडायचीबी परवानगी लागती का गं?"

"लागती. आणि अर्ज केला तरी मिळत नाय."

पाळकसाहेब दारात उभे होते. हात हातात घेऊन म्हणाले, "प्रभूनं बोलावून घेतलं, सिस्टर."

"प्रभूनं नाय बोलावलं, साहेब."

पाळकसाहेबांनी तो हात हलकेच सोडला आणि पुढच्या बाईचा धरला. मागं रांग होती.

महिन्यानं नन सिस्टरांनी बोलावणं धाडलं. मेघानं त्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं काम केलं होतं, तिच्या नावानं मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होती. सरूबाई कॅथलिकांच्या देवळात जन्मात दोनदा गेल्या असतील. त्या मागच्या बाकावर बसल्या. गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा बसूनच राहिल्या. फादरांनी त्या दिवशीची नावं वाचली. अकरा नावं होती, मेघाचं सातवं, आणि पुढं-मागं काही नाही. कुठं जन्मली, काय केलं, कशी मेली, एक शब्द नाही. पण मग सगळ्यांनी मिळून मेघाच्या आत्म्यासाठी मागणं मागितलं, आणि सरूबाईंना तेवढं बरं वाटलं. त्यांच्या चर्चमध्ये मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की फाइल बंद. इथं निदान मेघाचं काम अजून चालू होतं.

मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरांना गाठलं. फादर केरळचे, मराठी जपून, एकेक शब्द मोजून बोलणारे.

"फादर, मला दोन वाक्यं बोलायची होती. समोर उभं राहून."

"मिस्सामध्ये कुटुंबाचं भाषण नसतं, अम्मा. इथं आपण फक्त देवाकडे मागतो." त्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "मनावर काही ओझं असेल तर माझ्याकडे या. मी ऐकेन. कुणाला सांगणार नाही."

"कुणाला सांगणार नाही हेच तर नको मला, फादर. कानात सांगायला मी पाप नाय केलं." मग त्या थांबल्या. "केलंय म्हणा थोडं. पण तेबी मोठ्यानंच सांगायचंय."

फादरांनी नुसती मान डोलावली. उगाच काही गोड बोलले नाहीत, याबद्दल सरूबाईंनी त्यांना मनातल्या मनात मार्क दिले.

राहिली सुदर्शनची मंडळी. चाळिसाव्या दिवशी तिथं सभा होती. निमंत्रणावर मेघाचा हसरा फोटो आणि वर सोनेरी अक्षरांत "गौरवात प्रवेश". सरूबाई जाणारच नव्हत्या. सुदर्शन स्वतः न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आई, आपल्याकडं कुणालाही साक्ष देता येते. तुम्हालाही माईक मिळंल."

"मला? काहीबी बोलले तरी?"

"आत्मा सुचवील ते बोलायचं."

सरूबाईंनी चपला घातल्या.

हॉलला पत्र्याचं छत, भिंतीला निळे पडदे. बायकांच्या गळ्यात काही नाही, कानात काही नाही. कीबोर्ड, ढोलक, टाळ्या. ज्यांच्या उपासानं लेकीचा घास घेतला ते हे लोक नाचत होते, आणि नाचता नाचता काहींच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. सरूबाईंना तेही दिसलं. त्याचा राग जास्त आला. नुसते ढोंगी असते तर सोपं गेलं असतं.

एकेक जण साक्ष देऊ लागला. बहीण मेघा कशी हसायची, शेवटपर्यंत तिचा विश्वास कसा ढळला नाही. मग ब्रदर म्हणाले, "आता आपल्या बहिणीची आई." माईक हातात आला.

"मी मेघाची आई."

"आमेन!" शे-दोनशे गळे.

"तिला चौदा वर्षं साखर होती."

"प्रभू दयाळू आहे!"

"उपासाच्या पहिल्या दिवशी सुदर्शनरावांनी तिचं इन्सुलिन फ्रिजमधून काढलं आणि कपाटात ठेवलं."

"हालेलुया!" कीबोर्डवाल्यानं खालच्या पट्टीत सूर धरला.

सरूबाईंना क्षणभर वाटलं, आपणच काही चुकीचं बोललो. मग कळलं. ही माणसं शब्द ऐकतच नव्हती. वाक्य संपलं की आमेन म्हणायचं, एवढीच सवय. मेघाला मारली म्हटलं तरी आमेन, भाजी आणली म्हटलं तरी आमेन.

"हालेलुया कशाचं?" त्या म्हणाल्या. "आणि ती पेटी बंद करा आधी. माझं भजन नाय चाललेलं."

सूर थांबला.

"अकरा दिवस तिला सुई दिली नाही. अकराव्या दिवशी ती मेली. तिला प्रभूनं बोलावलं नाही, माणसांनी ढकललं. ब्रदरांनी सांगितलं, सुदर्शनरावांनी कुलूप लावलं, तिनं मान हलवली. आणि मी. मी चौतीस वर्षं नर्स. नवव्या दिवशी फोनवर तिचा श्वास ऐकला मी. लांब लांब चालला होता. म्हटलं, उपासानं थकली असंल. उद्या बोलू म्हणाले आणि फोन ठेवला."

मग पुढच्या रांगेतून एकच आवाज आला. सुदर्शन डोळे मिटून, दोन्ही हात वर करून बसला होता, गालांवरून पाणी. तो म्हणाला, "आमेन."

कबुली होती की सवय, सरूबाईंना कळलं नाही. तेवढ्यात ब्रदरांनी हलक्या हातानं माईक काढून घेतला आणि शोकानं खचलेल्या आईसाठी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी त्यांच्या दिशेनं हात लांबवले. कीबोर्ड पुन्हा लागला.

नंतर पुलाव होता. बायका येऊन हात दाबत होत्या. "आई, काय सुंदर साक्ष दिलीत!" "अंगावर काटा आला!" सरूबाई पुलावाच्या भांड्याशेजारच्या खुर्चीवर टेकल्या. तीन जागी जाऊन झालं होतं. एकीनं ओळ गाळली, एकीनं कानात मागितली, आणि इथं माईकवर बोलू दिली तर तिचं गाणं झालं.

पुलाव वाढणारी बाई वाकली. हडकुळी, पन्नाशीची, द्वारकाबाई म्हणत होते तिला.

"मावशी, एक इचारू का? तुमच्या लेकीला शेवटाला काय काय व्हायलं होतं?"

"लई तहान. मग उलट्या. मग श्वास असा मोठा मोठा."

डाव तसाच हातात राहिला. "आमच्या मालकाला परवापासून तहान लागायली. आज सकाळी उलटी झाली. नवा उपास धरलाय, औषध बंद केल्याचा सहावा दिवस हाय."

"साखरेला गोळी होती का सुई?"

"सुई."

"मग इथं भात काय वाढायलीस?" सरूबाई अशा ओरडल्या की रांगेतली माणसं वळली. "पळ घरी! रिक्षा कर आणि त्याला घाटीत ने. प्रार्थना करायची तर रिक्षात कर!"

द्वारकाबाईनं डाव भांड्यात टाकला आणि दाराकडं धावली. सुदर्शन गर्दीतून पुढं आला.

"आई, काय झालं? काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

"मघाशी सांगितलं तेच. हिनं ऐकलं, एवढंच. तुमच्याकडं मोटरसायकल हाय ना सुदर्शनराव? तिच्या नवऱ्याला सुई लागणार हाय. तिला घेऊन जा, जीव वाचंल."

सुदर्शननं खिशातली किल्ली चाचपली. मग त्यानं ब्रदरांकडं पाहिलं. ब्रदर एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. सुदर्शन त्यांचे डोळे उघडायची वाट पाहत थांबला.

सरूबाई थांबल्या नाहीत. गुडघ्याला हात लावत त्या उठल्या आणि बाहेर पडल्या. द्वारकाबाई रस्त्यावर हात करत होती. एक रिक्षा थांबत होती.

"सरक तिकडं," सरूबाई म्हणाल्या आणि आत चढल्या.