तपासणाऱ्याची सही

जगातली कुठलीही गोष्ट मोजता येते, आणि दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय ते मोजमाप खरं होत नाही, या दोन वाक्यांवर अख्खा संसार उभा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुबईतल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही दोघंही क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे इमारतीत काँक्रीट किती, सळई किती, फरशी किती हे मोजून कागदावर मांडणारे. त्या कागदाच्या तळाशी दोन चौकटी असतात. एक मोजणाऱ्याच्या सहीची, दुसरी तपासणाऱ्याच्या. पहिलीत तो सही करायचा, दुसरीत मी. ही सवय तो घरीही घेऊन जायचा. शारजात अल मजाजला आमच्या इमारती समोरासमोर होत्या. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला निघाला की साइटवरचं मोजणीचं चाक पुढे ढकलत निघायचा, आणि आमचा वॉचमन त्याला म्युनिसिपालिटीचा साहेब समजून सलाम ठोकायचा. वहिनींनी पोळी वाढली की तिचा व्यास डोळ्यांनीच घ्यायचा. "आज दोन सेंटिमीटर कमी," असं म्हणाला की वहिनी लाटणं पुढे करायच्या, "उद्यापासून तुम्हीच लाटा, माप बरोबर येईल." एकदा गणपतीत आमच्याकडे एकशे एक मोदक होते. ते यानं मोजले आणि मला म्हणाला, "चेकर, यल्ला, चल, तपास." मी मोजले तर नव्व्याण्णव भरले. आरती थांबली. पाहुणे ताटकळले. शेवटी दोन्ही मोदक त्याच्याच धाकट्या मुलीच्या गालांत सापडले. सगळे वैतागले होते, आणि हा सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चूक काढणारा मित्र नशिबानं मिळतो रे."

दोन हजार आठच्या अखेरीस शहरातल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. एका दुपारी मॅनेजरनं मला आत बोलावून विचारलं, की तुमच्या दोघांच्या फाइली तू एकटा सांभाळशील का. मी हो म्हणालो. का विचारताय, हे मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. बाहेर येऊन मी त्याच्याबरोबर नेहमीसारखा चहा प्यायलो. तीन आठवड्यांनी त्याला पत्र मिळालं. ऑफिसात चाळीस माणसं होती. उन्हाळ्यापर्यंत नऊ उरली. त्या नवांत मी होतो. मॅनेजरचा तो प्रश्न मी कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

वहिनी शाळेत शिकवत होत्या, त्यांच्या व्हिसावर तो राहू शकला. पण रिकामा बसणारा तो माणूस नव्हता. त्यानं इंटरनेटवरच्या पोकरच्या स्पर्धा शोधून काढल्या. हजारो माणसं सारख्याच चकत्या घेऊन खेळायला बसतात, चकत्या संपल्या की माणूस बाहेर, आणि शेवटी एकटा उरतो तो पहिला. त्या देशात हे कायद्यात बसत नव्हतं, म्हणून तळं दिसावं म्हणून मुद्दाम घेतलेल्या त्या फ्लॅटचे पडदे दिवसभर ओढलेले असायचे. आत हा इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसचं बंद पडलेलं ओळखपत्र गळ्यात अडकवून, जेवणाच्या टेबलावर नऊ ते सहा बसायचा. एक ते दोन जेवणाची सुट्टी. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी बेल वाजवली की धाकटी दार उघडून म्हणायची, "डॅडी इज ॲट वर्क, अंकल," आणि तिच्या मागे चार पावलांवर डॅडी दिसायचे.

यश कशात मोजायचं, याचा त्यानं पहिल्या आठवड्यातच निकाल लावला होता. किती जिंकलो हे त्याच्या दृष्टीनं माप नव्हतं. "तो पत्त्यांचा भाग झाला. आपण मोजायचं ते टिकणं. मी बाहेर पडायच्या आधी किती लोक बाहेर पडले?" इतर लोक दिरॅमचे रुपये करतात, तसा हा स्पर्धांचं ऑफिस करायचा. "अठराशेत दोनशे बारावा आलो. पंधराशे अठ्ठ्याऐंशी मागे! म्हणजे आपल्या चाळिसांत पाचवा. नऊ ठेवले ना रे त्यांनी? मग मी राहिलो असतो." हे तो हसत सांगायचा. मी चहात बिस्किट बुडवून ठेवायचो, ते विरघळून जायचं.

दर गुरुवारी संध्याकाळी तो आठवड्याचा तक्ता माझ्यापुढे ठेवायचा. तळाशी त्याच दोन चौकटी. "चेकर, तपास." दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की अनुक्रमांक सलग नाहीत. नवानंतर एकदम चौदा. पहिल्या तासातच बाहेर पडला असेल त्या स्पर्धा तो धरतच नव्हता. तक्त्यावर तो ऐंशी टक्के माणसांच्या पुढे होता, तो असा. ऑफिसात असा कागद आला असता तर मी लाल पेनानं गोल करून परत पाठवला असता. पण ज्याच्या खुर्चीचं काम मी ओढून घेतलं होतं, त्याला आणखी काय काढून घ्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भांडण नको होतं, आणि चहाबरोबरची वहिनींची चकली हवी होती. मी न वाचता सही करत गेलो. वर्षभर.

मग रास अल खैमातल्या एका कंत्राटदाराचं बोलावणं आलं. हुद्दा कमी, साइट दगडाच्या खाणीवर, पण नोकरी. वहिनींनी देवाला साखर ठेवली. यानं तक्त्यांची फाइल उघडली. "बघ, आलेख वर चाललाय. आता सोडणं म्हणजे स्लॅब अर्धा टाकून निघून जाणं." वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "भावोजी, मला यातलं कळत नाही. पण तुम्ही दर आठवड्याला सही करता. तुम्ही तपासलंय ना?"

मी म्हणालो, "हो वहिनी."

त्यांनी मान डोलावली आणि साखर वाटीत परत ओतली. त्या जागी दुसरा माणूस लागला. मग कुठूनच बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी फ्लॅट सोडला आणि मोठीची दहावी अर्ध्यावर असताना सगळी साताऱ्याला गेली. निघताना त्यानं फाइल माझ्या हातात ठेवली. "रेकॉर्ड तपासणाऱ्याकडे राहतं. खलास." मोजणीचं चाक मात्र बरोबर नेलं. विमानतळावर त्याचं सामान म्हणून वेगळं वजन केलं, तेही यानं दोनदा करायला लावलं.

फाइल मी पंधरा वर्षं उघडली नाही. परवा मीही निवृत्त होऊन परत यायचं म्हणून कपाट आवरत होतो. तक्ते जसेच्या तसे होते, प्रत्येकावर माझी झोकदार सही. शेवटच्या तक्त्यामागे मात्र आणखी पंधरावीस पानं होती. पेन्सिलनं, बारीक, सुबक अक्षरात वगळलेली एकूण एक स्पर्धा लिहिलेली होती. दहा, अकरा, बारा, तेरा. काही लपवलेलं नव्हतं. वर एक ओळ होती: 'तपासणाऱ्याने विचारल्यास.'

तो वर्षभर माझ्या विचारण्याची वाट बघत होता.

मी लाल पेन घेतलं आणि दोन दिवस बसून सगळं मोजलं. ऐंशी टक्क्यांचे छत्तीस झाले. मग साताऱ्याला फोन लावला. काही न विचारता सगळं सांगून टाकलं. मॅनेजरनं विचारलं तेही, नवानंतरचा चौदाही, वहिनींना दिलेलं ते हो सुद्धा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"छत्तीस?" तो म्हणाला. "दोनदा मोजलंस?"

"दोनदा."

"माझेही छत्तीसच आले होते."

तोच पुढे म्हणाला, "मग आता कर की सही." आणि जरा थांबून, "तारीख मात्र आजची घाल."