दोन गाड्यांची एक गाडी करणारे भाऊ

भाऊंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी काही लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी सुतार. ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतो. शिवाय ज्या गोष्टीसाठी पनवेलभर भाऊंचे नाव घेतले जाते, ती गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली असूनही मला नीट उमगलेली नाही. पण न उमगलेलेही प्रामाणिकपणे सांगता येते, एवढ्या भरवशावर लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मी काम शोधत पनवेलला आलो. जवळच्या विचुंबे गावच्या काशिनाथ म्हात्रे यांचे गॅरेज हायवेलगत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. इतरांनी भंगारात काढलेले, लांब नाकाचे जुने ट्रक आणून ते पुन्हा रस्त्यावर उभे करत. मी गेलो तेव्हा अशाच एका ट्रकपाशी भाऊ आणि त्यांचा मुलगा अनंत हातवारे करून भांडत होते. मला पाहताच भाऊंनी विचारले, "सुतार ना तुमी? मंग सांगा, या तळाच्या फळ्या ठेवायच्या कं काढायच्या?"

मी ठोकून पाहिले आणि ठेवा म्हणालो.

"मी काय बोलत होतो?" अनंत टाळी वाजवून ओरडला. भाऊ हरल्याच्या आनंदात हसले आणि मला म्हणाले, "उद्यापासून या."

बापलेकांचे नाते त्या गाड्यांमध्येच होते. भाऊंच्या पत्नी हिरावहिनी सांगत, "घरी दोगं मुक्यावानी जेवतान. बोलाचं असलं कं गाडीखाली जातान." ते खरेच होते. अनंतचे लग्न ठरवायचे की नाही, हा विषयसुद्धा दोघे गाडीखाली आडवे असतानाच निघाला. तो लांब नाकाचा ट्रक त्यांनी मिळून उभा केला आणि अनंत तो चालवू लागला.

भाऊंच्या स्वभावाविषयी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. माझ्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा ते रोज दवाखान्यात येत. त्यांना गोष्टी सांगता येत नसत, म्हणून ते तिला गिअर कसे पडतात ते समजावत. ती बरी झाली, आणि आजही आम्हा सगळ्यांपेक्षा गाडीतले तिला जास्त कळते.

नव्वदनंतरच्या एका पावसाळ्यात घाटात दाट धुके होते. एका वळणावर अनंतचा ट्रक आणि साताऱ्याकडून येणारा दुसरा ट्रक समोरासमोर धडकले. अनंत गेला. दुसऱ्या ट्रकचा चालक संपत जगदाळे, तोही गेला. अनंतच्याच वयाचा. पाहणारे कोणी नव्हते. चूक कोणाची, हे पंचनाम्यातूनही ठरले नाही.

दोन्ही गाड्या घाटातून काढल्यावर ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला. भाऊ म्हणाले, "माज्याकडं आना. दोनी."

आम्हाला वाटले, दुःखाने त्यांचे भान सुटले आहे. जिच्या धडकेत मुलगा गेला ती दुसरी गाडी दारात उभी करून घेतात कशी? मी विचारायला गेलो, पण ते मागच्या बाजूला नटबोल्ट आवळायचे पाने साफ करत बसले होते. स्वच्छ झालेली पाने पुन्हा पुसत होते. मी परत फिरलो.

काही आठवड्यांनी संपतचे वडील गणपतराव आले. आम्ही सगळे हातातले काम थांबवून उभे राहिलो. ते आपल्या चेपलेल्या गाडीभोवती एक फेरी मारून भाऊंसमोर आले.

"माझ्या पोराची चूक असंल तर त्वांडावर सांगा," ते म्हणाले. "तेवढंच इचारायला आलोय."

"मना ठाव नाय," भाऊ म्हणाले.

"आन् तुमच्या पोराची असंल तर?"

"ते पन ठाव नाय." मग भाऊंनी विचारले, "जेवलाव का तुमी?"

गणपतराव त्या दिवशी परत गेले नाहीत. त्यांच्या गाडीचे इंजिन फुटले होते, पण चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत होती. अनंतच्या गाडीची चासी वाकली होती, पण इंजिन वाचले होते. दोघांनी कधी ठरवले, कोण आधी बोलले, मला माहीत नाही. एका सकाळी मी आलो तर दोघेही अनंतच्या गाडीचे नाक उघडून उभे होते.

हिरावहिनींनी हे ऐकले आणि तडक गॅरेजमध्ये आल्या. "ज्याच्या पोरानं माजा अनंता नेला, त्याला तुमी माज्या घरचा भात घालताव?"

"त्याच्या पोरानं आपला नेला, कं आपल्यानं त्याचा," भाऊ हळू आवाजात म्हणाले, "कसं सांगू मी?"

वहिनी निघून गेल्या. कित्येक दिवस त्या भाऊंशी बोलल्या नाहीत. गावातही कुजबूज झाली. गणपतराव मात्र दर पंधरवड्याला येत राहिले. दोघे फार बोलत नसत. काम करता करता एखादा मध्येच उठून रस्त्याकडे तोंड करून उभा राही, तेव्हा दुसरा काम थांबवत नसे. अनंतचे इंजिन संपतच्या गाडीच्या चासीवर बसले आणि मी वर बॉडी बांधली. कोणासाठी बांधतो आहे, ते मला ठाऊक नव्हते.

इंजिन सुरू करायच्या दिवशी वहिनी आल्या. बोलावले कोणी नव्हते. पहिल्यांदा ते खोकून बंद पडले, मग चालू झाले. वहिनी पदर तोंडात धरून ऐकत राहिल्या. अनंत घरी यायचा तेव्हा वळणावरच त्यांना हा आवाज ओळखू येई, आणि त्या भाताचे आधण ठेवत, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितले. मग त्या गणपतरावांकडे वळल्या.

"तुमचे घरी कोन हाय?"

"संपतची आई हाय. कुनाशी बोलत न्हाई ती आता."

"तिला हिकडं आना," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या खेपेला गणपतराव संपतच्या आईला घेऊन आले. दोघी चालू इंजिनाजवळ बाकावर बसल्या होत्या. काय बोलल्या ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही, पण दोघीही बोलत होत्या. संध्याकाळी जगदाळे पती-पत्नी तो ट्रक घेऊन साताऱ्याला गेले. भाऊंनी अनंतचे इंजिन हसतमुखाने दिले, असे मी लिहिणार नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते बराच वेळ रिकाम्या जागेत उभे होते. मी विचारले, "भाऊ, का केलंत हे?" ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू उत्तर मीच त्यांना द्यावे.

आज दोन्ही घरांचे येणेजाणे आहे. जगदाळे पती-पत्नी सणाला विचुंब्याला येतात आणि वहिनी त्यांच्या आवडीचे खाडीचे मासे करून घालतात. हे क्षमा करणे आहे का? पण मग क्षमा कोणी कोणाला केली? की ते एकटे राहण्याचे भय होते? मी अनेक वर्षे या प्रश्नाशी झगडतो आहे. भाऊंनाही त्याचे उत्तर सापडले आहे असे मला वाटत नाही.

हे कोडे आम्ही दोघांनी मिळून सोडवावे, अशी माझी इच्छा आहे. घाई मात्र अजिबात नाही. त्यासाठी भाऊंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, आणि हिरावहिनींच्या हातचे जेवण त्यांना पुढची कित्येक वर्षे गोड लागो.