अकोल्याचे वकील आणि खोल पाण्यातले अशील

समुद्राचा एक थेंबही न पाहता समुद्रासाठी इतक्या तळमळीने भांडलेला माणूस या पृथ्वीवर दुसरा कोणी झाला असेल, तर मला त्याचं नाव कळवा. मी त्याच्या पाया पडायला येईन. माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे अकोल्याला वकिली करत. पाणी म्हणून त्यांच्या ओळखीचं दोनच ठिकाणी होतं: मोर्णा नदीत, जिथे ते उन्हाळ्यात नसे, आणि घरच्या विहिरीत, जिथे ते उन्हाळ्यात दिसत नसे. घर इतकं सोवळं की चातुर्मासात कांदासुद्धा अंगणाच्या फाटकापाशी अडखळायचा. अशा घरातल्या अशा माणसाने आयुष्यातली सहा वर्षं अंदमानातल्या माशांपायी घालवली, हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. त्या सहा वर्षांतली निम्मी कागदपत्रं माझ्याच हातची आहेत.

मी मूळचा अमरावतीचा. अकोल्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा ताईच्या सासरी माझी जेवायची सोय झाली. माझं अक्षर बरं आहे, हे तिथे कळायला नको होतं. वकीलसाहेबांनी (त्यांना सारं गाव वकीलसाहेब म्हणे, आणि मीही) एकदा माझ्या हातची किराण्याची यादी पाहिली, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर मांडी घालून दौत-टाक घेऊन बसू लागलो. सुरुवातीला ते शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या भावाभावांचे दावे लिहवून घेत. मग वसंताचं पत्र आलं.

वसंता म्हणजे त्यांचा भाचा. नोकरी मिळेना म्हणून तो अंदमानात सरकारी कचेरीत कारकून होऊन गेला होता. पत्र खरं तर मामीला होतं. त्याला सांडगी मिरची हवी होती. पण पानभर जागा उरली म्हणून त्याने लिहिलं होतं की, इथे बेटापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, तिथे शंभर-सव्वाशे वाव दोरी सोडून एक लाल मासा धरतात. हा मासा फार हळू वाढतो, माणसाचं पोर शाळा सोडेल तेव्हा कुठे हा अंडी घालायच्या वयाला येतो, असं जुने लोक सांगतात. आता मोठ्या होड्या येऊन सापडेल तेवढा नेतात. दोन बेटांजवळचा तर संपलाच. असो. मिरची पाठवावी.

वकीलसाहेबांनी पत्र खाली ठेवलं, चष्मा काढला, परत लावला. "असो?" ते म्हणाले. "एक अख्खं खानदान बुडून राहिलं, अन् हा असो म्हणते? मास्तर, कागद घ्या."

त्या संध्याकाळी 'खोल जलातील द्वीपवासी मत्स्यांच्या धरपकडीस मर्यादा घालणारे नियम' या मसुद्याचा जन्म झाला. पहिल्या रात्रीच अकरा कलमं झाली, महिन्याभरात त्रेचाळीस. 'मासा' या शब्दाची व्याख्या करण्यात तीन दिवस गेले, कारण व्याख्येत बेडूक येता कामा नये असा त्यांचा कटाक्ष होता. 'खोल' म्हणजे किती, यावर गाडं अडलं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर, हे मी सांगितलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट घातलेले वकीलसाहेब घराच्या फाटकापासून कापड बाजाराच्या दिशेने हात पसरत, एक एक वाव मोजत निघाले. वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांना वाटलं, साहेब आपल्यालाच मिठी मारायला येताहेत. एका तेल्याने तर प्रेमाने मारूनही घेतली. एकशेविसावा वाव एका शिंप्याच्या दुकानात संपला. "म्हणजे मी घरी बसून गळ टाकला," ते त्या शिंप्याला म्हणाले, "तर तुमी इथं सापडसान." शिंपी पुढे बरेच दिवस त्यांच्या घरावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाई.

घरात मात्र एक अडचण होती. ताईच्या सासूबाईंनी जाहीर करून टाकलं होतं की पानावर बसल्यावर 'मासा' हा शब्द तोंडातून निघाला तर पुढची पोळी मिळणार नाही. वकीलसाहेब कायद्याला मान देणारे गृहस्थ. त्यांनी तोड काढली: ते माशांना 'अशील' म्हणू लागले. "आपल्या अशिलाले वयात याले फार वर्षं लागतात," असं ते वरणाचा भुरका घेत सांगत. याचा परिणाम असा झाला की ओसरीवर धोतर-पागोट्यातला खराखुरा अशील येऊन बसला आणि ताईने आत येऊन "मामंजी, अशील आलेत," म्हटलं, की त्यांचा चेहरा आधी उजळायचा आणि बाहेर डोकावल्यावर पडायचा. कोर्टातही एकदा धुऱ्याच्या दाव्यात बोलता बोलता ते अंड्यांवर घसरले. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, या दाव्यात अंडी कोणी घातली?" साहेबांनी मान खाली घालून सांगितलं, "माफी असावी. जरा खोल पाण्यात गेलो."

"मग वर या," न्यायाधीश म्हणाले.

मसुद्याचा जीव होता सतरावं कलम. त्यात असं होतं की, मोठा, अंड्यांनी भरलेला मासा गळाला लागल्यास तो इजा न करता तत्काळ समुद्रात परत सोडावा. हे कलम त्यांनी मला इतक्या वेळा वाचायला लावलं, की शाळेत हजेरी घेतानाही माझ्या ओठांवर 'तत्काळ परत सोडावा' यायचं. मसुद्याच्या प्रती दिल्लीला गेल्या, मुंबईला गेल्या, आणि एक वसंताला गेली. दिल्लीहून उत्तर आलं की आपलं पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येत आहे. ते उत्तर त्यांनी देवघरात ठेवलं.

मग लोकांना जागं करायचं ठरलं. माझ्या ओळखीने अमरावतीच्या एका वाचनालयात व्याख्यान लागलं. फळ्यावर लिहिलं होतं 'मत्स्यरक्षण'. आम्ही पोचलो तर दालन बायकांनी गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत आजीबाई वाती वळत बसलेल्या, टेबलावर हार, नारळ आणि पेढ्यांचं ताट. मत्स्यावताराचं आख्यान आहे अशी गावभर समजूत झाली होती! मी घाबरलो, वकीलसाहेब मुळीच नाही. त्यांनी हार घालून घेतला आणि सव्वा तास बोलले. मनूच्या होडीपासून निघून ते पाचव्या मिनिटाला अंदमानात पोचले ते परतलेच नाहीत. नवल म्हणजे कोणी उठलं नाही. लाल मासा किती वर्षांनी लेकुरवाळा होतो हे ऐकून बायका हळहळल्या. शेवटी एका आजीबाईंनी विचारलं, "मंग आमी काय करू जी? आमी तं खातच नाई."

वकीलसाहेबांनी गळ्यातला हार सारखा केला. "तुमी खाऊ नका," ते ठामपणे म्हणाले.

"बरं," आजीबाई म्हणाल्या, आणि पेढे वाटले गेले. परतीच्या गाडीत साहेब इतके खुशीत होते की बडनेऱ्याला त्यांनी मला दोनदा चहा पाजला. अमरावती आपल्या बाजूची झाली, असं ते म्हणत होते.

वसंताचं पुढचं पत्र आलं ते थंडीत. मीच वाचून दाखवत होतो. त्याने खटपट करून दोन होड्यांच्या लोकांना सतरावं कलम समजावलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने, साहेबांच्या वयाचा मान ठेवून, ते महिनाभर पाळायचं कबूल केलं होतं. आणि महिनाभर पाळलंही. पण इतक्या खोलातून ओढलेला मासा, वसंताने लिहिलं होतं, वर येईपर्यंतच मरायला टेकतो. त्याच्या अंगातली हवा फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून निघतं. परत सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. लाटांवर उताणा तरंगत राहतो. महिनाभर त्या होड्यांमागे मोठमोठे लाल मासे तरंगत होते आणि पक्षी त्यांना टोचत होते. म्हाताऱ्याने निरोप दिला होता, तो वसंताने गाळला नव्हता: 'तुझ्या मामाला सांग, आम्ही निदान खाण्यासाठी मारतो. तो नुसताच मारतो.'

मी वाचायचं थांबलो. वकीलसाहेब उठले, आत गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

तीन दिवस ते कोर्टात गेले नाहीत. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत येई. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः ताट घेऊन गेल्या आणि आपणहून म्हणाल्या, "मासा म्हणा हवं तर. पण दोन घास खा." तेव्हा मला परिस्थिती किती गंभीर आहे ते कळलं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना हसत होतो, मीही हसत होतो. पण त्या खोलीच्या दारात उभं राहिलं की हसू येत नसे. चाळीस वर्षांच्या वकिलीत ते पुष्कळ दावे हरले होते. मात्र ज्याच्यासाठी उभे राहिलो तोच आपल्या हातून मेला, असं कधी घडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गिरजाबाई आली. ती गावाबाहेरच्या मळ्यातली माळीण, रोज डोक्यावर पाटी घेऊन दारी भाजी विकायची. साहेब ओसरीवर आणून बसवलेले, दाढी वाढलेली. तिने पाटी उतरवली आणि विचारलं, "काहून जी वकीलसाहेब, जीव बरा नाई काय?"

गावातल्या एकाही शहाण्या माणसाला जे सांगितलं नाही, ते त्यांनी तिला सांगितलं. मासा, दोरी, फुगलेली हवा, तरंगणारी प्रेतं, सारं. गिरजाबाई वांगी निवडत ऐकत होती.

"मंग बरोबरच झालं," ती म्हणाली. "तोडलेलं वांगं झाडाले परत लागते काय?"

साहेबांनी मान वर केली.

"बियाचं वांगं असते ना, त्याच्या झाडाले आधीच चिंधी बांधून ठेवा लागते. मंग कोनी गिऱ्हाईक आलं, पावना आला, तरी तिकडे हात न्याचा नाई. किती तोडाचं ते आधी ठरवाचं, मंग मळ्यात जाचं. तोडून झाल्यावर हे ठेवू का ते ठेवू करून काय फायदा?"

"मास्तर!" साहेब ओरडले. मी आत चहा घेत होतो, तो बशीतच राहिला. "मास्तर, कागद घ्या! सतरावं कलम रद्द. सगळीच रद्द! परत सोडाचं नाही. आकडा भरला का टाकाचाच नाही गळ!"

नवा मसुदा एका पानाचा होता. माशांची व्याख्या त्यात नव्हती. हंगामाच्या आधीच होडीगणिक एक आकडा ठरवावा. लहान-मोठा जो मासा वर येईल तो त्यात धरावा. आकडा भरला की त्या हंगामापुरत्या खोल पाण्यातल्या दोऱ्या गुंडाळाव्यात. एवढंच. मी लिहून विचारलं, "आकडा किती घालू?" समोरच्या वाक्यात रिकामी जागा दिसली की ज्यांच्या पोटात दुखे, असे हे गृहस्थ, पण ते म्हणाले, "जागा कोरी सोडा. कोण्या झाडाले किती लागतात ते गिरजाबाईले ठाऊक, मले नाही. तो म्हातारा टाकीन आकडा. अन् खाली लिवा, मागच्या चुकीबद्दल हात जोडून माफी मागतो."

त्यानंतर वसंताच्या पत्रांत या विषयाचा उल्लेख तुटकच येई. म्हातारा आधी पुष्कळ हसला, मग विचार करतो म्हणाला. मग पावसाळा गेला. दिल्लीहून आणखी एकदा कळलं की पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येत आहे. साहेबांनी विचारणं सोडलं. धुऱ्याचे दावे पुन्हा सुरू झाले.

दोन वर्षांनी वसंता रजेवर आला. टांग्यातून त्याच्याआधी त्याचा वास आला. मेणकापडात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं त्याने ओसरीवर ठेवलं, आणि पाच मिनिटांत गल्लीतली सगळी मांजरं आमच्या भिंतीवर ओळीने येऊन बसली. "म्हाताऱ्याने मामांसाठी दिलं," वसंता म्हणाला. "फार मानाने दिलं. नाही म्हणता येईना."

मिठात वाळवलेला तो मासा हातभर लांब होता. सासूबाई पदर नाकाला लावून सरळ शेजारी निघून गेल्या. ताई देवघराचं दार लावून घ्यायला धावली. वकीलसाहेब मात्र पळाले नाहीत. त्यांनी आत जाऊन काळा कोट घातला, बाहेर आले, आणि त्या गाठोड्यासमोर पाटावर बसले. वाळून त्याचा लाल रंग विटकरीसारखा झाला होता. त्यांनी बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"हा आकड्यातला आहे, का बाहेरचा?" त्यांनी विचारलं.

"आकड्यातला, मामा. त्या हंगामातला शेवटचा. हा वर आला अन् म्हाताऱ्याने दोऱ्या गुंडाळायला लावल्या. पोरांनी फार कुरकुर केली, समुद्र चांगला लागला होता म्हणून. पण त्याने होडी वळवली."

"एकच होडी?"

"पहिल्या वर्षी एकच. औंदा चार आहेत."

आम्हाला वाटलं, आता साहेबांचं भाषण होईल. मी सवयीने टाकसुद्धा शोधू लागलो. ते नुसते पाहत बसले. उन्हं अंगणात उतरली, भिंतीवरची मांजरं कंटाळून दोन-दोन करत निघून गेली, तरी ते बसलेच होते. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी वसंताला विचारलं, "खाली बाकीचे असतील ना रे?"

"असतील, मामा," वसंता म्हणाला.