शकुनचं माहेरचं नाव

आता बाजारात पाय ठेवला तं जीव लागत नाई माहा. कोनी कोनाले ओळखत नाई, भाव पुसला का तोंड फिरवतात. आमच्या वक्ताले असं नव्हतं बापा. इंग्रजाचं राज होतं. अकोला अन् अमरावतीच्या मधात, रेल्वेच्या काठचं आमचं गाव, अन् बुधवारच्या बाजारात चिंचेखाली आमी माळ्याच्या बाया रांगेनं बसो. माह्यापाशी मिरच्या अन् सांबार, पुन्याकडचे लोक त्याले कोथिंबीर म्हनतात. शेजारी शकुन, तिच्यापाशी वांगे. तिचं हासनं असं का गिऱ्हाईक एक वांगं घ्यायले ये अन् टोपलंभर घेऊन जाये. मी चिडो, "माहं गिऱ्हाईक कायले पळवतं वं?" तं म्हने, "तुह्या मिरच्या खाऊन रडनारच हाये तो, जराक हासून तं जाऊ दे!"

शकुन होती मोगलाईतली, म्हनजे निजामाच्या मुलखातली, हिंगोलीकडची. गोवर्धन माळ्याची बायको होऊन आली तवा "मला, तुला" बोले, आमी पदर तोंडाले लावून हासो. मंग तीच आमच्यापेक्षा जास्त वऱ्हाडी झाली. सासू पार्बताबाई मोठी कडक. पन आपल्या पोरी सोडून सुनेलेच तिनं बाजारात आनलं, आपल्या बाजूले बसवलं. आमच्यात बाजारातली जागा सासूकडून सुनेकडं जाये. जागा मिळाली म्हनजे सून खरी घरची झाली.

पार्बताबाई वारली, अन् त्याच साली बाजाराच्या कमेटीनं चिंचेखाली दगडी ओटे बांधले. ओट्यावर बसाचं तं परवाना पायजे, अन् परवाना भेटन वऱ्हाडातल्या बायांलेच. मोगलाईतून येनाऱ्या बाया सस्त्यात माल इकतात अशी कागाळी दलालाईनं केली होती. कमेटीचा कारकून वामनराव शकुनले म्हने, "तुम्ही तिकडच्या. लग्न होऊन इथं आल्या, याचा तिकडच्या पाटलाचा दाखला आणा. पोळ्यापर्यंत बसा, नाही तर ओटा दुसऱ्या बाईला जाईल."

मले असा राग आला म्हनून सांगू! म्हतलं, "अहो बाबू, हिचे दोनी लेकरं अठीच झाले. सासूले हिनंच अठी शेवटचं पानी पाजलं. अजून किती गावची व्हावं तिनं?" वामनराव वाईट मानूस नव्हता, पन कायदा म्हतला का त्याचे कान बंद.

शकुन मात्र तवापासून हासेचना. गोवर्धनचा मळा लहान, माल दलालाच्या हाती देल्ला तं मातीमोल जाये, ती कायजी होतीच. पन ती म्हने, "गंगे, वांगे कोनीबी इकीन वं. हे जागा सासूनं मले देल्ली. हे गेली तं मी जलमभर अठी पाहुनीच राहीन."

गोवर्धननं अर्ज लिहून घेतला अन् मोगलाईत धाडला. लय दिवसानं पाटलाचं उत्तर आलं. वामनरावनं भर बाजारात, सगळ्याईसमोर वाचलं. "या गावात शकुन नावाची मुलगी कधी जन्मली नाही, की लग्न करून दिली नाही."

दोन-तीन जनी तं शकुनकडं अशा पाहाले लागल्या, जशी तिनं चोरी केली. माहं डोस्कंच फिरलं.

पन पाटीलबी खोटं बोलला नव्हता. आमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलत. मांडवात साखर वाटत, नवं नाव सांगत, अन् जुनं नाव माहेरातच राहून जाये. शकुनचं माहेरचं नाव होतं जमुना. आता गोवर्धनले हे ठाऊक नव्हतं का? होतं ना! पन इतके वर्सं "शकुन, शकुन" करून तो गडी जमुना विसरूनच गेला, अन् अर्जात शकुन लिहून बसला. पार्बताबाई असती तं तिनं तरी सांगतलं असतं. आमाले कोनाले ते नाव माहीतच नव्हतं. शेजारी बसून मले नाई, तं दुसऱ्याले कुठून?

शकुननं हे सांगतलं तं वामनराव म्हने, "ती जमुना म्हणजे तुम्हीच, हे कशावरून? नवरा तर तुमच्याच बाजूनं बोलणार."

त्या दिवशी टोपले आवरताना ती ढसाढसा रडली. "तिकडे शकुन नाई अन् इकडे जमुना नाई. मंग मी आहो तरी कोन वं, गंगे?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

गोवर्धननं तिच्या भावाले, शालिकरामले निरोप धाडला. तिले सांगतलं नाई. न जानो भाऊ नाई आला तं अजून रडन.

पोळ्याच्या आधीचा बुधवार आला. शकुन वांगे तोलून राहिली होती, तोंड उतरलेलं. वामनराव बाजाराची पट्टी गोळा करत आमच्यापाशीच उभा होता. तेवढ्यात रांगेच्या टोकाले एक धुळीनं माखलेला मानूस दिसला, खांद्यावर गाठोडं. सगळ्या बाया डोक्यावर पदर घेतलेल्या, खाली वाकलेल्या. तो बहिनीले ओळखीन कसा? शेवटी कंटाळला अन् त्यानं बोंबच ठोकली.

"जमेऽऽ! अगं ए जमेऽऽ!"

"ओऽऽ!"

माय वं! तो आवाज शकुनचा होता, पन तसा मी कधी ऐकला नव्हता. परकरी पोरीचा आवाज. तराजू हातातून सुटला, वांगे घरंगळले, डोक्यावरचा पदर गेला, अन् ही बाई "शाल्या रे!" करत भर बाजारातून पळाली अन् भावाच्या गळ्यात पडली. तोबी रडे. "आई लई आठवण काढती तुझी, जमे," येवढंच म्हने. आमी साऱ्या बाया डोळे पुसून राहिलो होतो. एक बकरी येऊन माहा अर्धा सांबार खाऊन गेली, मले भान नाई!

शालिकराम मंग साक्ष द्याले पुढं झाला, तं वामनराव म्हने, "राहू द्या हो. ओ कोणी दिली, ते ऐकलं मी." अन् परवान्यावर त्यानं लिहिलं, शकुन, माहेरची जमुना. इतक्या वर्सात पहिल्यांदा मले तो मानूस आवडला.

शकुन त्याच ओट्यावर म्हातारी झाली. शालिकराम दरसाल ये, दुरूनच हाक मारे, अन् ती "ओ" दे. तो वारला तवापासून ते नाव बंद झालं. एकदा मीच थट्टेनं "जमे" म्हतलं. तं म्हने, "राहू दे वं गंगे, तुह्या तोंडी शोभत नाई." हासली, पन डोळे भरले तिचे.

मंग तिच्या पोराचं, चंद्रभानचं लग्न झालं. मांडवात साखरेचं ताट आलं, अन् बायाईचा गोंधळ सुरू. कोनी म्हने लीला ठेवा, कोनी म्हने गोदा ठेवा. नवरी मान खाली घालून बसलेली. शकुन उठली, पोरीपाशी गेली, तिची हनुवटी वर केली.

"तुह्या मायनं काय नाव ठेवलं, बाई?"

"मैना," पोरगी कशीबशी बोलली.

"मंग मैनाच." अन् साखरेचं ताट तिनं माह्या हाती देल्लं. "वाट, गंगे. नाव तेच हाये म्हनून सांग." दोघी-चौघी म्हाताऱ्या कुरकुरल्या. अशीन तुमची रीत, म्हतलं मी, अन् त्याईच्या तोंडात साखर कोंबली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी बसली होती. शकुननं मळ्याकडच्या दारातून हाक मारली, "मैनेऽ!"

"ओऽऽ!" घरातून आवाज आला, जराबी न लाजता, मोकळा. शकुन दाराले धरून उभीच राहिली. मंग माह्याकडं न पाहाता म्हने, "आयकलं वं?"

"आयकलं, जमे," मी म्हतलं. अन् त्या दिवशी मातर तिनं मले ओ देल्ली.