अक्काला मी 'बाई' म्हणालो

आबासाहेबांनी चेंडू हातात घेतला नाही.

समोर ती ओंजळ पुढे करून उभी होती. ओंजळीत गोल्फचा पांढरा चेंडू, पदराने पुसून स्वच्छ केलेला. आबासाहेबांनी हातातल्या काठीचे टोक जमिनीला टेकवले आणि म्हणाले, "टाक खाली."

तिने टाकला नाही. वाकून गवतावर ठेवला. आबासाहेबांनी तो काठीने बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात ढकलून दिला आणि पिशवीतून नवा चेंडू काढला.

"हात कशाला लावला गं?"

"पडल्याला दिसला, म्हनून आनून दिला. हरवंल म्हनलं."

तिची चूक एवढीच. शेतात, रस्त्यावर, कुणाचे काही पडलेले दिसले की उचलायचे, पुसायचे आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. खेळातला चेंडू जिथे पडला तिथेच राहू द्यायचा असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिला तिथे लव्हाळा खुरपायला ठेवले होते, खेळ शिकवायला नाही.

"नियमाने पुन्हा तिथंच ठेवता येतो, आबा," डॉक्टर म्हणाले. "तुमचं काही नुकसान नाही."

"ठेवता येतो, डॉक्टर. पण आता कोण घेतंय तो हातात?" आबासाहेब हसले. त्यांची नजर तिच्या साडीवर गेली. पांढरी साडी, कामासाठी वर खोचलेली. खांद्यावर टाचलेला निळा बिल्ला. "अच्छा. आज ह्यांचा दिवस हाय न्हाई का. मग तू इथं काय करतीस? गावात डीजे लागला असंल. नाचायला न्हाई गेलीस?"

"ठेकेदारानं सुट्टी दिली न्हाई, साहेब. दुपारी जानार हाये."

तो आवाज ऐकला आणि मी वळून पाहिले. चेहरा मी आधी नीट पाहिला नव्हता. उन्हासाठी तिने पदर कपाळावर ओढला होता. पण तो आवाज मी चौपन्न वर्षे ओळखतो. ती माझी चुलत बहीण होती. माझी अक्का.

दिवस चौदा एप्रिलचा होता, सुट्टीचा. नगर शहराबाहेरच्या त्या मैदानावर आम्ही तिघे सकाळी साडेसहापासून खेळत होतो. डॉक्टर माझे शेजारी. आबासाहेब नेवाशाकडचे मोठे बागायतदार आणि मैदानाच्या समितीवरचे. मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता. तीन वर्षे आमचा हा क्रम आहे. माझे आडनाव असे आहे की ते गावातही सापडते आणि गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतही. आबासाहेबांनी मला कधी जात विचारली नाही. ती त्यांनी गृहीत धरली. मी खोटे बोललो नाही, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. त्यांनी तसा समज करून घेतला आणि मी तो होऊ दिला. खोटे बोलायला निदान एकदा तोंड उघडावे लागते. मी तेवढेही धाडस केले नाही.

दरवर्षी जयंतीला मी कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी असतो. माझी पत्नी त्या दिवशी माहेरी जाते. तिथे तिला मोठ्याने 'जय भीम' म्हणता येते. माझ्या घरात येत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवे.

अक्काने मला पाहिले होते. आमच्यात सात-आठ पावलांचे अंतर होते. मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. आता ती 'भाऊ' म्हणेल. आता विचारील, 'भाऊ, तू हितं?' त्या क्षणी मला आबासाहेबांची भीती वाटली नाही. भीती वाटली ती तिची. जिने मला कडेवर वागवले, तिची.

माझे आईवडील पाथर्डीकडून दरसाल ऊसतोडीला जात. कारखान्याच्या आवारात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, अक्का मला दिवसभर सांभाळायची. मी चार वर्षांचा, ती दहाची. कोणी ओरडणारा माणूस कोपीकडे आला की ती काही बोलत नसे. मला ओढून स्वतःच्या पाठीमागे घेई आणि उभी राही. पुढे मी वसतिगृहात गेलो, शिकलो. ती कोयता घेऊन उसाच्या फडात गेली. कंबर गेल्यावर फड सुटला आणि ती मुलासोबत नगरला आली, एवढे मला ऐकून माहीत होते. तिचा पत्ता मी विचारला नव्हता.

"साहेब," आबासाहेब माझ्याकडे वळले, "तुमी सरकारी माणूस. तुमच्या भाषेत जरा समज द्या हिला. आमचं ऐकत न्हाईत हे लोक."

मी समज दिली.

मी म्हणालो, "बाई, पुन्हा चेंडूला हात लावायचा नाही. समजलं?" कार्यालयात शिपायाशी बोलताना जो आवाज लावतो, तोच लावला. थोडा अधिकच. आबासाहेबांना तो खरा वाटावा म्हणून.

अक्काने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग मान खाली घातली.

"चुकलं, साहेब."

एवढेच म्हणाली. नाव घेतले नाही, नाते सांगितले नाही. इतक्या वर्षांनंतरही तिने मला पाठीमागे घेतले होते, आणि या वेळी समोर ओरडणारा माणूस मीच होतो.

पुढचे होल मी कसे खेळलो, आठवत नाही. दर फटक्याआधी मी मागे वळून पाहत होतो. पांढरी साडी तिथेच आहे ना. इतर बायांशी काही बोलत नाही ना. डॉक्टरांनी विचारले, "तब्येत ठीक आहे ना?" मी म्हणालो, "ऊन आहे." सकाळचे नऊ वाजले होते. उन्हाला अजून धार नव्हती.

दहाच्या सुमारास आम्ही शेडमध्ये चहाला बसलो. मला वाटले, संपले. तेवढ्यात आबासाहेबांनी मैदानाच्या मुकादमाला हाक मारली.

"ती पांढऱ्या साडीवाली. उद्यापासनं नको."

मुकादम साधा माणूस. तो चाचरला. "आबासाहेब, बाई कामाला चांगली हाय. कदी खाडा न्हाई. झालं तरी काय?"

"मला काय विचारतो? साहेबांना विचार. त्यांनीच समज दिली तिला. काय, साहेब?"

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. माझेच वाक्य माझ्यासमोर आणून ठेवले होते. मगाशी मी ते भीतीपोटी बोललो होतो. आता त्याच्या आधारावर अक्काची रोजी जाणार होती. मला फक्त मान हलवायची होती. बोलायचीही गरज नव्हती. मान हलवणे मला येते. आयुष्यभर तेच केले आहे.

मी कप खाली ठेवला.

"तिने काही केलेले नाही," मी म्हणालो. आवाज इतका खाली गेला होता की मुकादमाने विचारले, "काय म्हनले, साहेब?"

पुन्हा म्हणावे लागले. "तिने काही केलेले नाही. ती माझी बहीण आहे. माझ्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. आजची जयंती तिची आहे, तशी माझीही आहे."

आबासाहेब आधी हसले. "काय चेष्टा करता, साहेब." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हसू थांबले. डॉक्टर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

"तीन वर्षं आमच्या घरी जेवलात," आबासाहेब सावकाश म्हणाले. "आमच्या ताटात. एका शब्दानं बोलला न्हाईत."

"नाही बोललो. ती चूक माझी आहे. पण तिला काढायला ते कारण होत नाही."

ते उठले. मुकादमाकडे पाहून म्हणाले, "सांगितलं ते कर." आणि पिशवी ओढत निघून गेले. डॉक्टर त्यांच्या मागोमाग गेले. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो. त्यांनी मागे वळून हाक मारली नाही.

मी गवतातून अक्काकडे गेलो. ती खुरपत होती. मी जवळ उभा राहिलो तरी तिचा हात थांबला नाही.

"अक्का."

"लोकं बघत्यात, साहेब."

"मी त्यांना सांगितलं. तू कोण आहेस ते."

"तुला कुनी सांगाया लावलं हुतं?" आता तिने वर पाहिले. डोळ्यांत पाणी नव्हते. "वळख दावली न्हाईस, त्याचं काय न्हाई. तुजी नोकरी हाय, पोराचं लगीन व्हायचंय, आमी समजून हाये. पर तू मला समज दिलीस. त्या मानसाला खूश कराया माज्यावर आवाज टाकलास."

"चुकलो, अक्का. माफ कर."

"चुकलं त्ये मगाशी मी म्हनले. माजं काय चुकलं नसताना म्हनले." तिने लव्हाळ्याची गाठ मुळासकट उपटून बाजूला टाकली. "तुजी माफी घिऊन मी काय करू? सकाळी सातला फाटकावर हजेरी असती. मुकादम आत घेतो का न्हाई, त्ये कळंल. तितं ये. काय बोलायचं त्ये तितं बोल, समद्यांम्होरं. न्हाईतर येऊ नकोस."

मी तीन मैल चालत शहरात आलो. नाक्यावर निळे झेंडे लागले होते. मिरवणुकीच्या कडेला मी बराच वेळ उभा राहिलो, आत शिरलो नाही. तेवढा अधिकार अजून मिळवलेला नाही, असे वाटले. घरी येऊन रजेचा अर्ज लिहायला बसलो. तीस वर्षांत माझ्या प्रत्येक अर्जात कारणाच्या जागी 'घरगुती' एवढाच शब्द असे. या वेळी लिहिले: 'जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसून कामावर आलेल्या माझ्या बहिणीला कामावरून काढण्यात येत आहे. तिच्यासोबत उभे राहण्यासाठी एक दिवसाची रजा मिळावी.' खाली सही केली आणि अर्ज कार्यालयाच्या मेलवर पाठवून दिला. उद्या तो वरिष्ठ वाचतील, कारकून वाचतील, दुपारपर्यंत सारे खाते वाचील.

भीती गेलेली नाही. आबासाहेबांचे हात कुठपर्यंत पोहोचतात, ते मला माहीत आहे. माझ्या मुलाच्या सोयरिकीची बोलणी जिथे चालू आहेत, तिथेही उद्या हे कळेल. कळू दे. भीती जाण्याची वाट पाहत मी पन्नाशी ओलांडली. आता ती वाट पाहणार नाही. सकाळी सात वाजता मी फाटकाबाहेर अक्काच्या शेजारी उभा असेन, आणि तिला आत घेईपर्यंत तिथून हलणार नाही.