रस्त्यापलीकडून दुकान

परबकाका रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढत, उंबऱ्यावर पाणी शिंपडत आणि मग आत न शिरता सरळ रस्ता ओलांडून समोरच्या सायकलवाल्याच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहत. बगलेत छत्री, डोक्याला काळी टोपी, धोतराचा सोगा हातात. हे दुकान आपण आज प्रथमच पाहतोय आणि आत जावं की नाही ते अजून ठरायचंय, अशा चेहऱ्याने ते आमच्याकडे बघत. पाचेक मिनिटांनी परत येत, चपला काढून गिऱ्हाइकासारखे गादीवर टेकत आणि मला विचारत, "काय रे दिनू, इरकल आसा?"

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा म्हातारा कामातून गेला असं मी समजलो. म्हटलं, "काका, इरकल तुम्हीच काल वरच्या फळीवर ठेवलीत."

"तर मगे गादीवर बसान ती माका दिसाक नको?" असं म्हणून ते उठले आणि इरकलीचा गठ्ठा दोन फळ्या खाली आणला.

अंधेरी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं कापडाचं दुकान होतं. माझ्या वडिलांनी, दादांनी, ते काढलं त्या दिवसापासून परबकाका तिथे होते. मालवणकडून आलेले. मुंबईत तीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं मालवण तसूभर हललं नव्हतं. वेसाव्याच्या कोळणी, नव्या सोसायट्यांतली कारकुनांची कुटुंबं, मरोळकडची शेतकरी मंडळी, सगळ्यांशी ते त्याच भाषेत बोलत आणि सगळ्यांना ती कळे. तसे ते बोलत कमीच. "माल बोलता, आपण गप रवाचा," असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं म्हणणं वेगळं होतं. मी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका भल्यामोठ्या दुकानात सहा महिने काढून आलो होतो. तिथे काचेच्या खिडक्या सजवणारा एक साहेब होता आणि त्याचा मदतनीस म्हणून मी काम केलं असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर साहेब खिडकीत चढला की खाली टाचण्यांची डबी धरून उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण सहा महिने टाचण्यांची डबी धरली की माणसाला आपण सजावट शिकलो असं वाटू लागतं. मला तर असं वाटू लागलं, की अंधेरीत या विषयातला जाणकार मी एकटाच. एका अर्थी ते खरंही होतं, कारण दुसऱ्या कुणाला असा विषय असतो हेच माहीत नव्हतं.

दादांना दम्याने घरी बसवलं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत दुकान तुझ्या हाती. लग्नसराई नीट काढलीस तर ते तुझं. नाही तर शेजारचे भांडीवाले जागा मागताहेत, त्यांना देऊन टाकीन आणि तू परत कोटात जा." परत कोटात म्हणजे परत टाचण्यांच्या डबीकडे. मी त्याच आठवड्यात कामाला लागलो.

दर्शनी भिंत फोडून मी काचेची खिडकी बसवली. चोरबाजारातून प्लास्टरची एक उभी बाई आणली. ती नाकीडोळी अगदी मडम होती आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती. मग मी दुकानातल्या जागांकडे वळलो. परबकाकांच्या मांडणीला काही शास्त्र आहे असं मला वाटत नव्हतं. चोळखण गादीच्या कडेला, हाताशी. शालू उजवीकडे आत, जिथे दुपारपर्यंत चांगला उजेड येई. मुलीकडच्या आणि मुलाकडच्या मंडळींना बसायला गादीची दोन वेगळी टोकं, मधे आरसा. "हात पोचता थंय मन पोचता," ते म्हणत. हे सगळं मी कसंबसं चालवून घेतलं. पण दाराच्या डाव्या अंगाला, अगदी उंबऱ्यालगत एक झाकणाचा खण होता आणि त्यात मांजरपाट ठेवलेला होता. दुकानातली सगळ्यांत मोक्याची जागा, आणि तिथे सगळ्यांत स्वस्त कापड, तेही झाकून! मी तो खण रिकामा करायला सांगितला.

परबकाकांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या हयच रवांदे, दिनू."

"का पण?"

"जेच्या घरात माणूस गेला, तेका आत येऊन बसाक लावचा नाय. तो दारात उभो रवता. हात घालून द्यावचा. मापूचा नाय, भाव बोलाचो नाय. आणि 'परत येवा' म्हणा नको." त्या खणात कापड आधीच फाडून, घड्या घालून ठेवलेलं असे, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्याच दुकानात वाढलो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. दिसू नये अशीच ती जागा होती.

मी ऐकून घेतलं आणि ते माघातल्या जत्रेला गावी गेल्याबरोबर खण रिकामा केला. तिथे रंगीत रुमाल मांडले. आणि मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

कोटातल्या साहेबाच्या एका इंग्रजी मासिकात मी चित्र पाहिलं होतं. विलायतेत म्हणे वर्षातून एकदा सगळी खिडकी पांढऱ्या कापडाने सजवतात आणि लोकांची झुंबड उडते. मी दोन दिवस खपून आमची खिडकी पांढरी केली. मांजरपाटाच्या राशी, लठ्ठ्याचे ताके, छतापासून सोडलेल्या धोतरजोड्या. मधोमध प्लास्टरच्या बाईला पांढरी मलमल नेसवली. कपाळावर काही नको, साधेपणात भारदस्तपणा असतो असं साहेब म्हणायचा. पायाशी तगरीची फुलं. सजावट नाकालाही कळली पाहिजे म्हणून चार उदबत्त्या लावल्या. बाईच्या डोक्याच्या बरोबर वर, आतल्या भिंतीवर, आजोबांचा हार घातलेला फोटो होता. तो पहिल्यापासूनच तिथे असल्यामुळे मला दिसलाच नाही.

सकाळी पहिले आले ते भांडीवाले. चपला बाहेर काढून आत आले, काही न बोलता माझ्या शेजारी बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी कला पाहून माणूस भारावला, असं मी समजलो. मग आणखी दोघे आले, तेही तसेच गप्प बसले. लग्नाचं कापड घ्यायला कर्णिकबाई मुलीला घेऊन टांग्यातून उतरत होत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मुलीच्या डोळ्यांसमोर पदर धरला आणि टांगा तसाच फिरवला. गर्दी बघून घाबरल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानंतर एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, पायात काही नाही. मांजरपाट मागितला. माझ्या प्रदर्शनाचं पहिलं गिऱ्हाईक! मी त्यांना आत बोलावलं, बसवलं, तीन प्रकारचा पोत दाखवला, गज घेऊन पाच वार मापून दिला आणि विचारलं, "आणखी काय दाखवू?" ते म्हणाले, "एवढंच." मी हात जोडून म्हटलं, "परत या."

त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते अजून मला विसरता येत नाही. इतर गोष्टी मी हसत सांगतो. ही हसत सांगता येत नाही.

शेवटी वेसाव्याची चांगुणाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आली आणि तिने सरळ विचारलं, "आरं दिनू, दादा कवा गेलं रं? आमाला सांगला पन नाय." मी ताडकन उभा राहिलो. तेवढ्यात घरून निरोप आला. भांडीवाल्यांची बायको आईजवळ बसायला गेली होती आणि दार उघडलं होतं स्वतः दादांनी. त्यांनी मला ताबडतोब बोलावलं होतं.

मी बाहेर पडणार, तोच समोर सायकलवाल्याच्या ओट्यावर मला परबकाका दिसले. बोटीतून उतरून तसेच आले होते, शेजारी वळकटी आणि नारळांची पोती. ते उभे नव्हते, बसले होते. टोपी हातात होती आणि ते रडत होते. तीस वर्षांच्या मालकाचं जाणं त्यांना माझ्या खिडकीने कळवलं होतं.

मी रस्ता ओलांडून धावलो. "काका, दादा चांगले आहेत. काही झालेलं नाही."

त्यांना कळायला वेळ लागला. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. मग ते म्हणाले, "वळ आणि बघ. काय दिसता?"

मी वळलो. जन्मापासून ज्या दुकानात मी वावरलो ते मी त्या दिवशी प्रथम रस्त्यापलीकडून पाहिलं. पांढऱ्या कापडाच्या राशी, फुलं, धूर, वर हार घातलेला फोटो आणि खाली पांढऱ्या वस्त्रातली, कपाळ मोकळं असलेली, दोन बोटं तुटलेली बाई.

"आत असताना दिसलं नाही, काका."

"आतसून कोणाकच दिसना नाय," ते म्हणाले. "म्हणान मी हय येतंय. थंय मी नोकर. हय गिऱ्हाईक." त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली. "चल. आधी त्या बायेक कुंकू लाव."

घरी दादांसमोर मी मान खाली घालून उभा होतो. लग्नसराई बुडाली होती, दुकान आता जाणार हे नक्की होतं. मी तोंड उघडायच्या आत परबकाका म्हणाले, "दादानू, चूक माझी. दिनू नको म्हणत होतो, मीच आयकलंय नाय."

"परब, तुम्ही तर गावाला होतात."

"व्हय. थंयसून पत्र धाडलंलंय."

दादा हसले आणि हसता हसता त्यांना ढास लागली. ढास ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आता हे निस्तरायचं कसं? अख्ख्या अंधेरीने मला पोचवलंय."

"खिडकीत ठेवण्यासारखो माल आता एकच आसा," परबकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दादा दुकानाच्या दारात, आरामखुर्चीत. परबकाकांनी त्यांना जरीकाठी उपरणं दिलं, पान हातात ठेवलं आणि खुर्ची तीन वेळा हलवली. प्रत्येक वेळी रस्त्यापलीकडे जाऊन पाहून आले. "वायच उजेडात घेवा. हां. आता जिते दिसतास." माणसं दादांना बघायला येऊ लागली. आली की टेकत, टेकली की चोळखण हाताशी असत. चांगुणाबाई पाच जणींना घेऊन आली आणि "आता काय जायचं नाय" असा दादांना दम भरून सहा लुगडी घेऊन गेली. चौथ्या दिवशी कर्णिकबाई मुलीसकट आल्या. माझ्या सबंध खिडकीने जे केलं नव्हतं ते एका दमेकरी म्हाताऱ्याने केलं. अक्षय्य तृतीयेला दादांनी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या तेव्हा मी त्या परबकाकांना देऊ केल्या. "माका कित्याक? फळ्या मी काढतंयच," ते म्हणाले.

दाराजवळच्या खणात मांजरपाट मात्र पांढरी खिडकी उतरवली त्याच दिवशी परत गेला होता. घड्या परबकाकांनी स्वतः घातल्या.

त्यानंतर चार वर्षं ते रोज रस्ता ओलांडत राहिले. शेवटी शेवटी छत्रीचा आधार घेऊन. मग पावसाळ्यात आजारी पडले आणि दुकानात येईनासे झाले. मी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाई. "आज खिडकीत काय लावलंस?" एवढंच ते विचारत. मी सांगे आणि ते डोळे मिटून बघत.

मार्गशीर्षातली दुपार होती. दुकानात लग्नाची बैठक बसलेली, दोन्हीकडची मंडळी, मधे आरसा. मी हिरवा शालू उलगडत होतो. सहज समोर पाहिलं तर सायकलवाल्याच्या ओट्यापाशी परबकाकांचा मुलगा मधू उभा होता. अनवाणी. तो रस्ता ओलांडत नव्हता. बैठक बसलेली असताना दारातसुद्धा येऊ नये, हे त्याला कुणी शिकवलं होतं ते मला माहीत होतं.

मी शालू मांडीवरून उतरवला. "रंग बघून घ्या, आलोच," असं म्हणून उठलो. दारातून जाता जाता हात खाली गेला, झाकण उघडलं, घडी हाताला लागली. मला त्या खणाकडे बघावंही लागलं नाही. रस्ता ओलांडून मी ती मधूच्या हातात दिली. ती घडी त्याच्या वडिलांनीच घातलेली असेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तो वळून गेला आणि मी ओट्याला धरून रडलो.

मग डोळे पुसले आणि दुकानाकडे पाहिलं. आत मंडळी शालूचा काठ उजेडात धरून बघत होती, नवरी मुलगी हसत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. तरी खिडकीतली प्लास्टरची बाई थोडी अंधारात आहे असं इथून वाटलं. मी परत गेलो, तिला वीतभर उजेडाकडे सरकवलं, चपला काढल्या आणि गादीवर बसून विचारलं, "हिरव्यातलाच आणखी एक दाखवू?"